लेअर थ्री स्विचवर आयपी देताना: एका डिफॉल्ट रूटने शिकवलेलं

सीसीएनए, म्हणजे सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा, करून नुकतेच कामाला लागलेल्यांसाठी लिहितोय. लेअर थ्री स्विच म्हणजे सबनेटमधलं राउटिंगही स्वतःच करणारा स्विच. व्हीलॅन म्हणजे काय, सबनेट कसं पाडायचं हे तुम्हाला येतं असं धरतो.

माझी पहिली नोकरी नाशिकमधलीच, कारखान्यांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिस्कोचा जुना ३५६० स्विच होता आणि सगळं एकाच सबनेटमध्ये. ते तीन व्हीलॅनमध्ये वाटायचं आणि त्यांच्यातलं राउटिंग स्विचवरच करायचं, हे काम माझ्याकडे आलं. नाशिक रोडला घरी बसून रात्री व्हीपीएनवरून स्विचला एसएसएच केलं. व्हीलॅन २० आणि ३० बनवले, त्यांच्या इंटरफेसना १९२.१६८.२०.१ आणि १९२.१६८.३०.१ दिले, नो शटडाउन केलं. मग 'आयपी राउटिंग' टाइप करून एंटर दाबलं आणि स्क्रीन तिथेच थिजली. पिंगही बंद.

नीट ऐका, कारण हे कुणी समजावून सांगत नाही. स्विच साधा लेअर टू म्हणून चालतो तेव्हा बाहेर जाण्यासाठी तो 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' वापरतो. आयपी राउटिंग चालू झालं की त्या ओळीकडे तो बघतसुद्धा नाही. ओळ कॉन्फिगमध्ये दिसत राहते, म्हणून आपण निर्धास्त असतो. आता तो फक्त राउटिंग टेबल मानतो आणि त्यात असतात थेट जोडलेली सबनेट. माझा लॅपटॉप व्हीपीएनच्या वेगळ्या सबनेटमध्ये. माझं पॅकेट स्विचपर्यंत पोचत होतं, उत्तर कुठे पाठवायचं हे स्विचला माहीत नव्हतं.

कॉन्फिग सेव्ह नव्हतं, म्हणजे स्विच बंद-चालू केला असता तर भागलं असतं. पण नाइट शिफ्ट चालू होती आणि रॅकच्या खोलीला कुलूप. सीनियरना फोन केला. ते रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "परत येणारं पॅकेट कुठून जाणार?" मग कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी, नेटवर्क न लागणारी) घेऊन गाडीवर अंबड गाठलं. ९६०० बॉडवर पुटी हे टर्मिनल सॉफ्टवेअर उघडलं, 'शो आयपी रूट' दिलं. सी अक्षराच्या, म्हणजे थेट जोडलेल्या सबनेटच्या ओळी आणि वर 'गेटवे ऑफ लास्ट रिसॉर्ट इज नॉट सेट'. 'आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.०' आणि पुढे फायरवॉलचा पत्ता, एवढी एक ओळ दिली. हाच डिफॉल्ट रूट: टेबलमध्ये नसलेलं सगळं इकडे पाठव. पिंग लगेच सुरू झालं.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी डिफॉल्ट रूट, मग आयपी राउटिंग. लांबून काम करत असाल तर सुरुवातीलाच 'रीलोड इन १०' द्या आणि सेव्ह करू नका. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं सुरळीत असेल तर 'रीलोड कॅन्सल' आणि मग सेव्ह. शिफ्ट चालू असताना मात्र हेही करू नका, रीलोडला काही मिनिटं सगळंच बंद पडतं.

क्लासच्या नोट्समध्ये कमांडचा क्रम होता, कारण नव्हतं. डंप, म्हणजे फुटलेले प्रश्न-उत्तरं, पाठ करून परीक्षा निघते, कन्सोलसमोर उभं राहता येत नाही. आणि जो सीनियर तुमच्या हातातला कीबोर्ड ओढून स्वतः टाइप करतो, त्याच्याकडून फार काही शिकायला मिळणार नाही.

बाकी अडचणी लहान आहेत, घाबरू नका. फिजिकल पोर्ट आयपी घेत नसेल तर आधी 'नो स्विचपोर्ट' द्या. व्हीलॅन इंटरफेस डाउन दिसत असेल तर तो व्हीलॅन खरंच बनवलाय का आणि त्यातला एखादा पोर्ट चालू आहे का, ते बघा. 'ओव्हरलॅप्स' असा एरर आला तर तेच सबनेट दुसऱ्या इंटरफेसवर आहे. पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ३६५० स्विच घेतलात तर पॉवर सप्लाय आपल्या हाताने बसवावा लागतो, त्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शॉप फ्लोअरचे पीसी एकमेकांना पिंग करत होते, पण इंटरनेट नव्हतं. या वेळी फोन न करता मीच स्वतःला तो प्रश्न विचारला. २० आणि ३० ची सबनेट स्विचच्या मागे आहेत हे फायरवॉलला कुणी सांगितलंच नव्हतं. तिथे दोन स्टॅटिक रूट टाकले आणि स्टोअरमधून आवाज आला, "चालू झालं!"