बांधावरची शेंद्री

शेंद्री, म्हणजे बियांपासून खाण्याचा केशरी रंग देणारं झाड, मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, पण पाणी मिळालं की आमच्या जळगावकडच्या उन्हातही तगते. ताजं, लालभडक बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, जूनमध्ये पिशवीत लावा. काळ्या जमिनीत पाणी साचतं, म्हणून खड्ड्यात शेणखतासोबत मुरूम घालाच. पहिले उन्हाळे केळीच्या आडोशाला काढू द्या. मे महिन्यातली झळ कोवळ्या पानांना सोसत नाही. बोंडं धरायला दोन-तीन वर्षं लागतात. घाई असेल तर छाट कलम, म्हणजे फांदीचा तुकडा लावा.

काटेरी बोंडं वाळून तडकू लागली की तोडा. रंग बियांवरच्या पातळ थरात असतो. मंद आचेवर तेलात बी हलवा, तेल केशरी होताच गाळा. फार तापवलं तर रंग उडतो. बाजारातल्या लोणी-चीजला बहुतेकदा हाच रंग. आमची आई मात्र तो भातापुरताच चालवून घेते, वांग्याच्या भरताजवळ फिरकू देत नाही!