थर्मल लेबल प्रिंटर घरी आणि ऑफिसात नीट कसा वापरायचा

बेळगावच्या शहापूर-वडगावातून साड्या पाठवणारे, कुंदा म्हणजे आपली खव्याची मिठाई पाठवणारे, काजूवाले आणि आपल्या सोसायट्यांमधी सभासदांना वार्षिक सभेच्या नोटिशी पाठवणारे क्लार्क, या सगळ्यांसाठी हे लिहितोय, कारण प्रिंटर घेतलेला असतोय पण अर्ध्या लोकांचा कपाटावर धूळ खात पडलाय, लेबल वाकडं येतंय नाहीतर अर्धंच येतंय म्हणून. प्रिंटर बहुतेक वेळा चांगलाच असतोय ओ, साईज आणि रोल ह्या दोन गोष्टी बसल्या की काम झालं.

आधी हे समजून घ्या की यात शाई नसते. कागदावरच केमिकलचा थर असतो, प्रिंटहेड, म्हणजे प्रिंटरचा छापणारा भाग, गरम झालं की तो काळा पडतो, बस्स. याला डायरेक्ट थर्मल म्हणतात. म्हणून रोल घेताना दुकानातच कडेला नखानं जोरात एक रेघ ओढून बघा, काळी उमटली तर तो डायरेक्ट थर्मल रोल, नाही उमटली तर तो रिबनवाल्या प्रिंटरचा साधा कागद आहे, तुमच्या प्रिंटरमधी घातला तर कोराच बाहेर येणार. रोल स्वस्त मिळतोय म्हणून डोळे झाकून घेऊ नका.

पार्सलला १०० बाय १५० मिलीमीटर, म्हणजे ४ बाय ६ इंचाचं लेबल घ्या, कुरियर आणि ऑनलाइन विक्रीची लेबलं याच साईजला येतात. पाकिटावर नुसता पत्ता चिकटवायचा असेल तर ७५ बाय ५० पुरेसं आहे.

आता जिथं सगळे अडकतात ते. रोल बसवल्यावर प्रिंटरला लेबल कुठं संपतंय ते शिकवावं लागतं, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. बऱ्याच मॉडेलमधी फीडचं बटण दाबून धरायचं, बीप वाजला की नाहीतर लाईट लुकलुकली की सोडायचं, मग प्रिंटर दोन-तीन कोरी लेबलं पुढं ढकलतो आणि बरोबर दोन लेबलांच्या मधल्या फटीवर येऊन थांबतो. तिथं थांबला म्हणजे त्याला कळलं. रोलची साईज बदलली की हे परत करायचं, नाहीतर पत्ता दोन लेबलांवर अर्धा-अर्धा छापून येतोय आणि लोक प्रिंटर बिघडला म्हणून परत पाठवतात.

मग कॉम्प्युटरवर ड्रायव्हरमधी, म्हणजे प्रिंटरच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधी, पेपर साईज तीच टाका जी रोलवर आहे, आणि पीडीएफ छापताना 'फिट' नको, 'ॲक्चुअल साईज' ठेवा. लेबल ए-४ पानाच्या कोपऱ्यात आलं असेल तर आधी कुरियरच्या पोर्टलवर सेटिंगमधी ४ बाय ६ नाहीतर थर्मल असा पर्याय आहे का बघा, बहुतेक असतो. नसलाच तर ॲडोबी रीडरमधी एडिट मेनूतल्या 'टेक अ स्नॅपशॉट'नं तेवढाच चौकोन निवडा आणि प्रिंट द्या. त्यावेळी मात्र फिट करावं लागतं.

डार्कनेस, म्हणजे छपाई किती काळी यावी ते सेटिंग, मधोमध ठेवून सुरू करा. जास्त काळं म्हणजे जास्त चांगलं असं बिलकुल नाही, बारकोडच्या रेघा फुगून एकमेकीला चिकटतात, स्कॅनर वाचत नाही आणि हेडचं आयुष्यपण कमी होतं. छापलेला बारकोड मोबाईलच्या स्कॅनर ॲपनं एकदा वाचून बघा की.

पत्ता कुठल्या लिपीत? प्रिंटरच्या आतल्या फॉन्टमधी देवनागरी-कन्नड बहुतेक नसतं, पण वर्डमधून ड्रायव्हरनं छापलं की चित्रासारखं जातं आणि व्यवस्थित येतं. फक्त अक्षर बारीक ठेवू नका, २०३ डीपीआय म्हणजे मिलीमीटरला ८च ठिपके, त्यात आपल्या मात्रा-जोडाक्षरं भरून जातात, १२ पॉइंट बोल्ड ठेवा. महाराष्ट्रातल्या चंदगडला जाणारं पाकीट मराठीत चालतं, पण आपल्या बाजूच्या म्हणजे कर्नाटकातल्या गावांना इंग्रजी नाहीतर कन्नडमधीपण पत्ता असू दे, पोस्टमन कोण येईल सांगता येत नाही. आणि पिन नंबर सगळ्यात मोठा. चंदगड ४१६५०९, खानापूर ५९१३०२, गावं शेजारी पण पहिला आकडाच वेगळा. पार्सल त्या आकड्यावर फिरतं, म्हणून तो दोनदा तपासा. मोबाईल नंबर पत्त्याखालीच. पोस्टाच्या काउंटरवर त्यांचा बारकोड चिकटवतात, त्याला जागा सोडा.

सभेच्या नोटिशी किंवा लग्नपत्रिका असतील तर नावं एक्सेलमधी घाला, पिनचा कॉलम वेगळा ठेवा, वर्डमधी पानाची साईजच ७५ बाय ५० करा आणि मेल मर्जमधी (यादीतली नावं आपोआप पानांवर घालणारी वर्डची सोय) 'लेटर्स' निवडा, म्हणजे एका पानाला एक सभासद येतो. 'लेबल्स' निवडलं की ए-४ शीटचा गोंधळ सुरू. पहिली पाचच छापून बघा, मग बाकीची सोडा.

कुंदा, चिवडा, लाडू पाठवणाऱ्यांनी हे मात्र ध्यानात ठेवा: तूप-तेल थर्मल कागदाचं वैरी आहे. डब्याला तुपाचा हात लागलेला असला आणि त्यावर लेबल मारलं तर अक्षर हळूहळू फिकं होत जातं. डबा आधी कोरड्या फडक्यानं पुसा, बाहेरचं खोकं घाला आणि लेबल खोक्यावर लावा. बारकोडवरून टेप मारू नका, चमकतो आणि काही टेपांच्या गोंदानं छपाई उडते. पावसात पार्सलला प्लॅस्टिकची कुरियर पिशवी वापरा आणि लेबल तिच्यावर चिकटवा. रोल ओमनीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवला तर अख्खा करडा पडतो, कपाटात ठेवा. आणि वर्षानुवर्षं ठेवायच्या फायलींना ही लेबलं लावू नका, पुसट होतात, तिथं रिबनवाला प्रिंटरच पाहिजे.

छापलेल्यात लेबलाच्या लांबीला सरळ एक पांढरी रेघ दिसायला लागली तर आधी साफसफाई करा. प्रिंटर बंद करा, हेड गार होऊ दे, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेडवरून एकाच दिशेनं फिरवा, मोबाईल रिपेअरवाल्यांकडं ते मिळतं. ब्लेड, चाकू, नख काही लावू नका. खालच्या रबरी रोलरलापण गोंद लागतोय, तोपण हातानं फिरवत पुसा. नवीन रोल घालताना दरवेळी एवढं केलं तरी पुष्कळ. पुसूनपण रेघ तिथंच राहिली तर हेडमधला त्या जागचा गरम होणारा ठिपका गेलाय, मग हेड बदलायचा खर्च विचारून घ्या, छोट्या प्रिंटरमधी कधीकधी नवीनच परवडतो.