रिप्रोड्युसिंग पिआनोत एखादा सूर बिघडला? या चुका टाळा

एक सूर वाजतच नाही, किंवा एकदा वाजला की लागूनच राहतो. जुन्या रिप्रोड्युसिंग पिआनोची, म्हणजे भोके पाडलेल्या कागदी रोलवरून वादकाचे वादन जोरासकट आपोआप वाजवणाऱ्या पिआनोची, ही नेहमीची तक्रार. त्यावर बरेच जण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन थेट एक्स्प्रेशन बॉक्सच्या (आवाजाचा जोर ठरवणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगला हात घालतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

आधी यंत्राची चाल लक्षात घ्या. पंप आतली हवा सतत ओढत असतो. रोलचे छिद्र ट्रॅकर बारवर (रोल ज्यावरून सरकतो त्या भोकांच्या पट्टीवर) आले की बाहेरची हवा नळीतून चामड्याच्या पाऊचखाली (पातळ पडद्याखाली) शिरते. पाऊच फुगून व्हॉल्व्ह उचलतो, त्या सुराचा छोटा भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. छिद्र पुढे सरकले की पाऊचखालची हवा ब्लीड नावाच्या बारीक भोकातून ओढली जाते आणि व्हॉल्व्ह खाली बसतो.

सूर वाजत नसेल तर पट्टी बोटाने दाबून पाहा. बोटानेही वाजत नसेल तर दोष पिआनोच्या ॲक्शनमध्ये (पट्टी आणि हातोडी जोडणाऱ्या यंत्रणेत) आहे, हवेचा भाग उघडायचे कारणच नाही. बोटाने वाजत असेल, तर स्टॅकजवळ (व्हॉल्व्ह आणि भाते असलेल्या पेटीजवळ) त्या सुराची रबरी नळी शेजारच्या नळीशी अदलाबदल करा. दोष शेजारच्या सुरावर गेला तर अडचण नळीत किंवा ट्रॅकर बारमध्ये आहे. जागेवरच राहिला तर पाऊच, व्हॉल्व्ह किंवा भाता पाहावा लागेल. जुने रबर कडक झालेले असते, ते ओढू नका, निपल (नळी ज्यावर बसते ती तोंडे) तुटतात. लांबीच्या दिशेने चीर देऊन सोडवा.

सूर लागून राहत असेल तर ट्रॅकर बारचे भोक बोटाने झाका. तरीही वाजत राहिला तर नळी स्टॅकजवळ चिमटीत दाबा. आता थांबला, तर नळी कुठेतरी फाटली किंवा निसटली आहे. थांबला नाही, तर ब्लीड तुंबले आहे किंवा व्हॉल्व्हखाली कचरा अडकला आहे. सूर भरभर वाजताना मागे पडत असेल, तर आधी संशय तुंबलेल्या ब्लीडवर घ्या.

ब्लीड साफ करायला सुई घालू नका. भोक मोठे झाले तर तो सूर कायमचा आळशी होतो. फुंकर किंवा कॉम्प्रेसरची हवाही नको, कागदाचे तंतू आत ढकलले जातात आणि पाऊच फाटू शकतो. ट्रॅकर बारचा हातपंप लावून तंतू बाहेर ओढा.

भात्याला पांढरा गोंद कधीच लावू नका. सरस (प्राण्यांच्या कातड्याचा जुना गोंद) ऊब आणि ओल दिल्यावर सुटतो, पांढऱ्या गोंदाचा जोड पुढच्या दुरुस्तीला लाकूडच सोबत घेऊन येतो. चामड्याला तेलही नको. रोल फिरवणाऱ्या एअर मोटरच्या सरकपट्ट्यांना कोरडे ग्रॅफाइट पुरेसे आहे. तिची चाल टेम्पो ७० वर मिनिटाला ७ फूट कागद अशी असायला हवी.

आता एक्स्प्रेशनकडे. ड्युओ-आर्ट या बनावटीच्या पिआनोत ट्रॅकर बारच्या दोन्ही कडांची चार-चार छिद्रे जोर ठरवण्यासाठी वापरतात, त्यामुळे रोल ८० सूरच वाजवतो. कडेचे भोक तुंबले तर सूर गळत नाही, आवाजाचा जोर चुकतो. प्रत्येक बाजूचे चार अकॉर्डियन (घडीचे छोटे भाते) १/१६, १/८, १/४ आणि १/२ इंच मिटतात, म्हणजे शून्यासह १६ पायऱ्या. टेस्ट रोल लावून प्रत्येक पायरीची चाल मोजा.

शून्य पातळीवर (सगळ्यात मृदू आवाजावर) पाच-सहा सूर गळले, की स्प्रिंग आवळून सगळी पातळी वर नेण्याचा मोह होतो. ते पाच-सहा सूर वाजू लागतात, पण बाकीच्या सगळ्या सुरांचा मृदूपणा जातो. एवढ्या नाजूक वादनासाठी बनवलेल्या यंत्राचे यापेक्षा मोठे नुकसान नाही. त्या पाच-सहा सुरांच्याच भात्यांची गळती आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करा. स्प्रिंगला हात लावायचाच असेल तर गळती बंद झाल्यावर, आणि मूळ जागा पेन्सिलने खुणावून.