जुन्या संग्रहातल्या गोगलगायी तपासायला निघण्याआधी

परवानगीचं पत्र, ओळखपत्र, व्हर्निअर, भिंग, चिमटा हे तुम्ही नेणारच. मायक्रोस्कोप त्या दिवशी मोकळा आहे का, तेवढं फोन करून विचारा.

आता खरं काम: जुन्या नावांची यादी. घरीच करा, छापून न्या. मी गेल्या वेळी आजचीच नावं घेऊन एका संग्रहात गेलो आणि ‘इंडोप्लानॉर्बिस’ ही गोगलगाय मागितली. नाही म्हणाले. होती हो, ढीगभर होती, पण ‘प्लानॉर्बिस’च्या खणात! ॲनंडेल आणि प्रशाद या प्राणिशास्त्रज्ञांनी ती प्रजाती वेगळी काढली १९२१ साली. खण त्याआधीच भरलेले. तसंच पायला हवी तर ‘ॲम्पुलेरिया’ बघा, मेलॅनॉइड्सला ‘मेलानिया’, बेलामियाला ‘पॅलुडिना’ किंवा ‘व्हिव्हिपारा’. टोपीसारखी बारीक फेरिसिया बहुधा ‘अँसिलस’मध्ये सापडेल, आणि ती सोडू नका: रत्नागिरीतल्या गिमवी गावात बिल्हार्झिया, म्हणजे गोगलगायींमार्फत माणसांत येणारा कृमींचा रोग, निघाला तेव्हा हिचंच नाव आलं होतं. सह्याद्रीच्या ओल्या कातळांवरची क्रेम्नोकॉन्कस तर आणखी फसवी. ब्लॅनफर्ड या निसर्गअभ्यासकाने १८६३ साली तिला ‘क्रेम्नोबेट्स’ म्हटलं, ते नाव आधीच एका माशाला दिलेलं निघालं, म्हणून १८६९ ला बदललं. म्हणजे एकाच प्राण्याच्या दोन नावांच्या चिठ्ठ्या. गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांवरचा प्रेस्टनचा १९१५ चा खंड आणि त्याच विषयावरचं सुब्बा रावांचं १९८९ चं पुस्तक शेजारी ठेवून यादी केली की एका संध्याकाळचं काम आहे. तिथे गेल्यावर आठवेल म्हणाल, तर नाही आठवत.

यादीत गावांची जुनी स्पेलिंगंही घाला. सह्याद्री तेव्हा ‘सिहाद्री’ असाही लिहीत, त्यामुळे संगणकात आजचं स्पेलिंग टाकून काही हाती लागत नाही. आणि नुसतं ‘बॉम्बे’ दिसलं की मुंबई लिहून मोकळे होऊ नका. सिंधपासून कारवारपर्यंत सगळा मुंबई इलाखाच होता. शंका असेल तर चिठ्ठीवरचं जसंच्या तसं उतरवा, अर्थ नंतर लावा.

एका वेळी नमुन्यांची एकच नळी उघडायची. आतल्या सगळ्या चिठ्ठ्या, दोन्ही बाजूंनी, शंखासोबत फोटोत आल्या पाहिजेत. जुनी चिठ्ठी ‘चुकीची’ वाटली तरी टाकायची नाही. बुचाचा कापूस उलगडून बघा, शंखाच्या तोंडावरचं सुटलेलं झाकण कधी तिथे अडकलेलं असतं, आणि बिथिनियासारख्या गोगलगायींच्या ओळखीला ते फार उपयोगी पडतं.

शंखावर पांढरी भुकटी आणि खणाला व्हिनेगरचा वास असेल तर ती बुरशी नाही. लाकूड, पुठ्ठा, कापूस यांतून सुटणारी आम्लाची वाफ चुनखडीचा शंख खाते. धुऊ नका, घासू नका, संग्रहपालांना दाखवा. फॉर्मलिनमधल्यांचे शंख विरलेले असतात, त्यांच्याकडून डीएनएची फार आशा ठेवू नका.

फोटो: पट्टी, एकच कोन, तोंड समोर. आरसा-प्रतिमा करू नका, उजव्या वळणाची लिम्निया डावखुरी फायसा होऊन बसेल. यादी काढलीत ना? मोबाइलमध्ये नको, कागदावर. तळघरात रेंज नसते.

उरलेलं झटपट. नवी ओळख पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर, नाव आणि तारीख घालून, जुन्या चिठ्ठीच्या मागे. टाईप नमुन्यांना, म्हणजे ज्यांच्यावरून जातीचं नाव दिलं गेलं त्या मूळ नमुन्यांना, हात शेवटी. खण होता तसा लावून ठेवा. नोंदींची प्रत संग्रहाला पाठवा, त्याच आठवड्यात.