कॅन्सरच्या डॉक्टरचा पेपर मोबाईलवर कसा वाचायचा

आमच्या मोठेबाबांना भाकर गिळताना अडकायची, घासाघासाला पाणी लागायचं. नागपूरला दुर्बीण टाकली, बायोप्सी झाली, अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. मग घरातला जो तो मोबाईलवर शोधून राहिला अन् व्हॉट्सॲपवर हळदीपासून गोमूत्रापर्यंत सगळं येऊन राहिलं. तेव्हा मी पेपर, म्हणजे डॉक्टरांनी छापलेला संशोधनाचा लेख, वाचायला शिकलो, तेच सांगून राहिलो, बारावीपुरतं इंग्रजी असलं तरी जमते.

पयले बायोप्सीचा रिपोर्ट हातात घ्या. त्यात स्क्वॅमस लिहिलंय का ॲडिनो (हे अन्ननलिकेच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार), ते वहीत लिहा, स्टेज लिहा, अन् पेशंटचं आधीचं वजन अन् आताचं वजनही लिहा. हे नसेल तर पेपर वाचून काही उपयोग नाही.

मग पबमेड उघडा. अमेरिकेच्या सरकारी मेडिकल लायब्ररीची साईट आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. डॉक्टरचं नाव शोधायचं तर इंग्रजीत आडनाव आधी अन् मग नावाचं पहिलं अक्षर टाका. एकाच आडनावाचे लय जण निघतात, म्हणून सोबत आजाराचं नावही टाका. बहुतेक पेपरात पहिलं नाव ज्यानं जास्त काम केलं त्याचं असते अन् शेवटचं सहसा सिनिअरचं. नेटवर्क कमी असेल तर फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचा, म्हणजे वरचा सारांश, अन् त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. उंदरांवर किंवा काचेच्या डिशमधल्या पेशींवर प्रयोग असेल तर तो पेपर सोडून द्या, त्यावरून माणसाच्या उपचाराचं काही ठरत नाही, व्हॉट्सॲपवरचे बरेच दावे असेच असतात.

आता खरं वाचन. मी नेदरलँड्सच्या व्हॅन हागेन अन् सोबत्यांचा २०१२ चा पेपर घेतला होता, क्रॉस ट्रायल म्हणतात त्याला, ट्रायल म्हणजे पेशंटवर उपचार तपासून पाहणं. ३६६ पेशंट होते, सगळे ऑपरेशन होऊ शकणारे. १८८ जणांचं थेट ऑपरेशन, १७८ जणांना आधी पाच आठवडे किमो अन् सोबत रेडिएशन, मग ऑपरेशन. मीडियन आयुष्य थेट ऑपरेशनवाल्यांचं २४ महिने, दुसऱ्यांचं ४९.४ महिने.

हा २४ चा आकडा माझ्या चुलतभावानं वाचला अन् वाड्यात जाऊन रडत बसला, त्याले वाटलं बाबा दोन वर्षांत जातील. मीडियन म्हणजे मुदत नाही हो. अकरा जण किती जगले त्या क्रमानं ओळीत उभे केले तर मधला सहावा, तो मीडियन. त्याच्या पुढे पाच जण असतातच, अन् ते किती पुढे गेले हे त्या एका आकड्यात दिसत नाही. म्हणून मी याच ट्रायलचा पुढचा पेपर शोधला, २०२१ चा. दहा वर्षांनी किमो-रेडिएशनवाल्यांत ३८ टक्के जिवंत होते, थेट ऑपरेशनवाल्यांत २५ टक्के. एकाच टीमचे पुढचे पेपर शोधायचे ते यासाठीच.

मग पाहा, यातले पेशंट तुमच्यासारखे होते का. त्यातले तीनचतुर्थांश ॲडिनोवाले होते, आमचा रिपोर्ट स्क्वॅमस. स्क्वॅमसवाल्यांचा हिशोब वेगळा दिला आहे अन् त्यांना फायदा जास्तच दिसला, म्हणून आपल्या प्रकाराची ओळ शोधून वाचा. पण त्यात घ्यायची अट अशी की वजन दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलेलं नको. मोठेबाबा ६२ किलोवरून ५४ वर आले होते, म्हणजे जवळजवळ तेरा टक्के. पेपर बरोबर होता पण आमच्यासारख्या माणसावर तपासलेला नव्हता.

एक अजून, खर्रा, म्हणजे सुपारी अन् तंबाखू घोटून खातात तो. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं सांगितलंय की तंबाखू घातलेलं पान-सुपारी तोंड, घसा अन् अन्ननलिका तिन्हींच्या कॅन्सरचं कारण आहे. घरातल्या पोरांना हे वाचून दाखवा, आम्ही दाखवलं.

शेवटी ओपीडीत पूर्ण पेपर घेऊन जाऊ नका, गर्दीत डॉक्टरला वेळ नसते. पेपरचं नाव अन् एकच प्रश्न चिठ्ठीवर लिहा. आम्ही लिहिलं होतं, "वजन एवढं उतरलंय, तरी आधी किमो-रेडिएशन झेपेल का?" डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली अन् पहिले नाकातून नळी टाकून खाणं सुरू केलं.