सेंट ऑगस्टीनचे अवशेष बघायला जाताना

जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्च बघून लगेच पणजीची बस पकडू नका. जवळच्याच टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चचे अवशेष आहेत, पायी सहज जाता येतं. सावली फारशी नाही, त्यामुळे सकाळीच गाठा. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, घट्ट पकडीचे बूट हवेतच. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेल्या मनोऱ्याचा फोटो काढून परतू नका! जमिनीत कोरीव अक्षरांची थडगी आहेत. त्यांच्यावर पाय न देता कडेने चाला. भिंतींवर जुन्या रंगीत टाइल्स तुकड्यातुकड्यांनी टिकल्यात, त्यांना हात लावू नका. जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अस्थिअवशेष इथंच उत्खननात सापडले, ती जागाही आवर्जून बघा.