‘टर्न डाउन’ : गोव्यातल्या हॉटेलात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

कुडाळ-सावंतवाडीहून किंवा कोल्हापूर-बेळगावहून कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत हाउसकीपिंगला येणाऱ्यांचं कोकणीवाचून सहसा अडत नाही. अडतं ते इंग्रजीतल्या जोड क्रियापदांपाशी. मोठ्या हॉटेलात त्यातलं ‘टर्न डाउन’ पहिल्याच संध्याकाळी कानावर पडतं.

सुपरवायझर म्हणाला, “दोनशे चार टर्न डाउन कर,” तर खोली झोपण्यासाठी तयार करायची. दारावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ असेल तर ठोठावू नका, नोंद करून पुढे जा. एरवी ठोठवा, “हाउसकीपिंग” म्हणा, उत्तराची वाट पाहा. आधी बाल्कनीचं दार लावा. गोव्यात तिन्हीसांजेला दार उघडं राहिलं की खोलीत डास भरतात. मग पडदे ओढा, पांघरुणाचा कोपरा दुमडा, कचरा काढा, पिण्याचं पाणी ठेवा, उशाजवळचा दिवा लावा.

पाहुण्याच्या तोंडी मात्र अर्थ बदलतो. तो कशाबद्दल बोलतोय ते ऐका. गाणी, टीव्ही, गॅसची आच असेल तर कमी करणं. ऑफर, विनंती, अर्ज असेल तर नाकारणं: “दे टर्न्ड मी डाउन” म्हणजे त्यांनी मला नकार दिला.

सगळ्यात जास्त घोळ एसीचा. “टर्न डाउन द एसी” म्हणणाऱ्याला आकडा खाली हवा असतो, नाहीतर गारवा कमी हवा असतो. मराठीतही ‘एसी कमी कर’ म्हटलं की हाच गोंधळ. अंदाज बांधू नका. “कूलर ऑर वॉर्मर, सर?” असं विचारा, आणि २४ की २६ ते ठरवूनच रिमोट दाबा.

वाक्यरचनेत एक नियम पक्का करा. ‘टर्न डाउन द म्युझिक’ आणि ‘टर्न द म्युझिक डाउन’ दोन्ही चालतं. पण ‘इट’ आलं की ते मधेच बसतं, ‘टर्न इट डाउन’. ‘टर्न डाउन इट’ चूक. उघड्यावरच्या लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते, त्यामुळे हे वाक्य फार कामी येतं. आधी ‘कुड यू प्लीज’ लावा, नाहीतर हुकूम सोडल्यासारखं वाटतं.

पाहुण्याने संध्याकाळची सेवा नको म्हटलं, तर लॉगबुकात ‘टर्न्ड डाउन’ लिहू नका. वाचणारा खोली झाली असं समजेल. ‘सर्व्हिस रिफ्यूज्ड’ लिहा, पुढे वेळ टाका.